शेठच्या घरची शिकवणी

धनश्रीचा गळा ऐकून गणपती मंडळांनी हार घातले, पण तिच्या गाण्याच्या शिकवणीबद्दल कुणीच बोललं नाही. पावरलूमवर राबणारा तिचा बाप राघो मदतीसाठी दारोदार फिरला. शेवटी पर्वत पाटिया भागातला एक कापडवाला शेठ म्हणाला, "इसको यहीं छोड़ दो. गुरुजी घर पे आते हैं, मेरी बेटी के साथ सीखेगी." राघोनं त्याचे पाय धरले आणि लेकीला तिथंच ठेवलं. दिवाळीत लूम बंद झाले, तेव्हा तो भेटायला गेला. आतल्या खोलीत शेठची मुलगी गुरुजींपुढे सरगम घोकत होती आणि धनश्री मोरीत भांडी घासत होती. "तुला कधी शिकवतात?" त्यानं विचारलं. ती खाली मान घालून कढई खरवडत राहिली. राघोनं कढई बाजूला सारली. "चल बेटा, घरी जाऊ." "नको आबा," ती म्हणाली, "इथं ऐकू तरी येतं."