साळूची जागा

"ती नव्हतीच, काका," रोहन म्हणाला.

हंबीररावांनी हातातला नवा अंक मिटला आणि पुन्हा उघडला. सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात 'वीजराज' कॉमिक्सच्या स्टॉलवर पोरासोरांची झुंबड उडाली होती आणि त्या गर्दीत पांढऱ्या मिशांचे, टोपी घातलेले असे ते एकटेच. तासगावहून एसटीनं आले होते, तेही एवढंच विचारायला की वीजराजची बायको साळू हल्ली अंकात दिसत का नाही.

"नव्हती कशी? लगीन झालंय त्यांचं." त्यांनी पिशवीतून एक जुना अंक काढला. मुखपृष्ठावर मुंडावळ्या बांधलेला वीजराज आणि शेजारी साळू. कोपऱ्याला बेदाण्याचा चिकट डाग. "ह्यो बगा. तुमचाच हाय न्हवं?"

रोहन संपादक होता. वय तिशीच्या आतलं, बोलणं गोड. त्यानं समजुतीनं सांगितलं की कंपनीनं सगळी गोष्ट पहिल्यापासून नव्यानं सुरू केली आहे. मागं जे काही घडलं, ते आता घडलेलंच नाही. "बायको असलेला हिरो पोरांना म्हातारा वाटतो हो. एकटा असला की कसा, मोकळा वाटतो."

या कंपनीचं हंबीररावांनी काय थोडं सोसलं होतं? वीजराजला मारला, तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग जिवंत केला, तेव्हा झालं गेलं विसरून यांनी पेढे आणले. निळा पोशाख काळा केला, चालवून घेतलं. एकदा तर सबंध पृथ्वी बुडवली आणि पुढच्या अंकात ती कोरडी ठणठणीत. तरी अंक आला की हे घ्यायला हजर. एखाद्याला एखादं खूळ असतं, त्यांना हे होतं. आणि त्या खुळाची तोंडावर थट्टा करणारी घरात एकच होती, त्यांची बायको चंद्राबाई.

पुढं त्या खुळात तीच सगळ्यात पक्की झाली. शेडमध्ये बेदाणा निवडायला बसली की म्हणायची, वाचा. मारामारीची पानं आली की, पुढं चला. तिला हवी असायची ती साळू. आभाळ फाटलेलं असो की शहर जळत असो, साळू दारात आडवी उभी राहायची, आधी दोन घास खा, मग कुठं जायचं तिथं जा. चंद्राबाईला त्याचं भारी कौतुक. "ह्या एकीलाच अक्कल हाय," म्हणायची आणि हंबीररावांपुढं ताट सरकवायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते एकटेच वाचत बसत आणि साळूचं बोलणं आलं की तेवढं मोठ्यानं वाचत. घरात चंद्राबाई बोलल्यासारखं वाटायचं. त्यांना वीजराजकडून दुसरं काही नको होतं.

"मग तिला मारायची तरी हुती," ते म्हणाले. "रडून मोकळा झालो असतो."

"काका, एक पोस्टर घेऊन जा ना. फुकट आहे," रोहन म्हणाला आणि पलीकडच्या पोरांकडं वळला.

टेबलाच्या टोकाला चित्रकार रेश्मा अंकांवर सह्या करत बसली होती. हंबीररावांनी नवा अंक तिच्यापुढं ठेवला. एवढं सगळं ऐकूनही त्यांनी तो विकत घेतलाच होता. खूळ म्हणतात ते हेच.

"कुणाचं नाव घालू, काका?"

"नाव नको, ताई. सही बी नको." त्यांनी पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. वीजराज रिकाम्या खोलीत खाली बसून एकटाच जेवत होता. "हितं, ह्याच्या उजव्या अंगाला, एक सुपारी काढा."

"सुपारी?" रेश्मानं वर बघितलं.

"औंदा शेडची पूजा घातली. पूजेला जोडीनं बसावं लागतंय, आन् मी तर एकला. भटजीनं शेजारी पाट मांडला, त्येच्यावर सुपारी ठिवली. म्हणला, ह्या चंद्राबाई. माझ्याकडनं तिला हळदकुंकू वाहून घेतलं, समदं रीतसर." त्यांनी टेबलाला हात टेकला. "माणूस गेलं तरी जागा ठेवत्यात, ताई. ती नव्हतीच, असं भटजीबी म्हणत न्हाई."

ती रिकामी खोली रेश्मानंच काढली होती. कंपनीनं सांगितली तशी, एक ताट, एक तांब्या, बाकी नुसती भिंत. तिनं रोहनकडं बघितलं. तो पोरांना पोस्टर वाटत होता.

तिनं पेन उघडलं आणि जिथं कागद कोरा होता तिथं, भिंतीच्या कडेला, टेकवायला गेली.

"तितकी लांब नको," हंबीरराव घाईनं म्हणाले. "ताटापाशी काढा. वाढून झालं की ती लांब जाऊन बसायची न्हाई."