उंचीचा रकाना

पडताळणी कार्यालयात शेवंताबाई कोळंबकर चौथ्यांदा आल्या होत्या. रुग्णालयाने केलेली नोंद खरी आहे का, हे शासन आता रुग्णाच्या जतन केलेल्या आवाजालाच विचारत असे, रुग्ण हयात नसला तरी. सारे रकाने जुळले की तो आवाज कायमचा पुसला जाई. म्हणून शेवंताबाई पतीच्या नोंदीवर दर खेपेला एखादी हरकत घेत. आज त्यांच्याकडे हरकत उरली नव्हती.

"बाई, आता फक्त उंची राहिलीय," निरीक्षक दिघे हळू आवाजात म्हणाले आणि यंत्राकडे वळले. "भालचंद्रराव, तुमची उंची?"

"पाच फूट सहा इंच," आवाज ऐटीत म्हणाला.

नोंदीत पाच फूट चार होती.

"अहो, आता तरी खरं सांगा! लग्न ठरवतानासुद्धा हेच सांगून फसवलंत."

"नवऱ्याची उंची चपलांसकट धरायची असते, बाईसाहेब."

शेवंताबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला. खरी उंची कोणती, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते. दिघ्यांनी काही क्षण पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी सावकाश शेरा लिहिला, 'तफावत आढळली. पुढील तारीख द्यावी.'