जिवंत झरा

"झरा मेलाय असं लिहून टाका, रेवतीताई," कप्तान पेडणेकर म्हणाले. "चार दिवसांत जहाज भरेल आणि आपण घरी जाऊ."

रेवती तांडेल पडद्याकडे बघत राहिली. तीन किलोमीटर खाली, समुद्राच्या तळाशी, तिच्या यंत्राचा दिवा तांबूस गाळाच्या टेकडीवर पडला होता. जमिनीवरच्या खाणी बंद झाल्यापासून जगाला लोखंड अशा टेकड्यांमधूनच मिळायचं. पण ज्वालामुखीच्या ज्या उष्ण झऱ्याने टेकडी रचली, तो पूर्ण विझला असेल तरच ती कायद्याने खणता यायची, आणि ते ठरवणं रेवतीचं काम होतं. तापमापकावर तर शेजारच्या पाण्याइतकाच आकडा दिसत होता.

"हे बघा," ती म्हणाली. "काल यंत्राने इथे ओरखडा काढला होता. आज त्यावर नारिंगी साय धरलीय. खालून अजून लोह येतंय आणि जिवाणू त्यावर जगतायत."

"म्हणजे नवी टेकडी शोधायची. आणखी महिना जाईल. तुमच्या मुलीचे दिवस भरत आलेत ना?"

"हो," म्हणत तिने नोंदीत 'जिवंत' लिहिलं.

संध्याकाळी तिने मुलीला, केतकीला, फोन लावला. झरा जिवंत निघाल्याने बाळंतपणाला येता येणार नाही, हे तिने सांगितलं.

"झरा खरंच जिवंत होता?" केतकीने विचारलं.

"होता."

"मग ये सावकाश. बारसं तू आल्यावरच करू."