गळ्यातलं लाकूड

जत्रेच्या मांडवात म्हाताऱ्या गुल्वेनच्या गळ्यात लाकडी पदक पडलं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन बोली जपल्याबद्दल. त्यावर 'केल्ट' असं ब्रेटन लोकांच्या प्राचीन पूर्वजांचं नाव कोरलं होतं.

"शाळेत आपल्याला गावंढळ म्हणायचे," जोबिगशेजारी येऊन बसत तो ब्रेटनमध्ये म्हणाला, "आता केल्ट म्हणतात. थोबाडं आपली तीच!"

"हो," जोबिग फ्रेंचमध्ये म्हणाला. हे त्यांचं सत्तर वर्षांचं बोलणं. एक ब्रेटनमध्ये विचारायचा, दुसरा फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचा.

जोबिगची नजर पदकाच्या दोरीवरून हलेना. शाळेत ब्रेटन बोलणाऱ्याच्या गळ्यात गुरुजी लाकडी बूट अडकवत. दुसरा कुणी बोलताना सापडला, की बूट त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात बूट, त्याला छड्या. एकदा घंटा व्हायच्या जरा आधी, बूट गळ्यात असलेल्या जोबिगने शेजारच्या गुल्वेनच्या पायावर टाच रोवली होती. गुल्वेन ब्रेटनमध्ये कळवळला आणि छड्या त्याने खाल्ल्या. त्या दिवसापासून जोबिगने ती बोली तोंडात घेतली नव्हती.

"गुल्वेन, त्या दिवशी तुझ्या पायावर मी मुद्दामच..."

"ठाऊक आहे रे," म्हणत गुल्वेनने त्याच्या पायावर दाणकन टाच मारली.

"आई गं! मेलो, मेलो!" जोबिग ओरडला. ब्रेटनमध्ये.

गुल्वेनने पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं.

"सापडलास, लेका!"