बटाट्याचा दिवस

अप्पांच्या ताईला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून तिने मालवणहून पत्रातून विचारलं होतं, "नात बोलायला लागली का रे?" त्यांनी उत्तर टाळलं, कारण दोन वर्षांची मनवा अजून गप्पच होती. आपल्यालाच शिकवता येत नाही, असं त्यांना वाटे. आज लालबागच्या घरातलं कुत्र्याचं पिल्लू, बटाट्या, सकाळपासून उधळलं होतं. त्याने मोजा पळवला. "मोजा सोड," सून म्हणाली. मग गॅलरीतला टॉवेल ओढला. "टॉवेल सोड, मेल्या," शेजारच्या चंपाकाकू ओरडल्या. "चप्पल सोड रे," अप्पांनी विनवलं. बटाट्या कुणालाच जुमानेना. शेवटी त्याने मनवाची बाहुली धरली. मनवा उठली, थेट अप्पांच्या ताईसारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सोड, मेल्या." बटाट्याने मुकाट्याने बाहुली सोडली. चंपाकाकू लाजल्या, सारं लालबाग हसलं. अप्पांनी कार्ड लिहिलं, "मनवा बोलते. शब्द शेजारणीचा, तोरा तुझा," आणि पोस्टात टाकलं.