हेर्गरांचा सहावा बार

चौथी गोळी निशाणाच्या पाटीबाहेर गेली. मागच्या गर्दीत कोणीतरी चुकचुकलं. अगाथा हेर्गरने वळून पाहिलं नाही. तीन लागल्या होत्या, एक हुकली होती, दोन उरल्या होत्या. सहांपैकी चार लागायलाच हव्यात, तेही घरच्याच रिव्हॉल्वरने. नाहीतर नेमबाजीच्या मैदानावरची हेर्गरांची जागा, पणजोबांपासून चालत आलेली, आज दुसऱ्या घराला जाणार. गावचा नियमच तो, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

त्या जागेवर डोळा ठेवून वेंडेलिन तिच्या मागेच उभा होता. सत्तरीचा शेजारी. कमरेला त्याच जातीचं स्वतःचं रिव्हॉल्वर, खिशात वर्षानुवर्षं जपलेली काडतुसं, अगदी जय्यत तयारीत. सकाळीच त्याने टोमणा मारला होता, "पोरी, बापाचं हत्यार मिळालं म्हणून बापाचा हात मिळत नाही."

बाप वसंतात गेला. मागे राहिलं ते स्विस फौजेने कधीच मोडीत काढलेलं रिव्हॉल्वर आणि काडतुसांचा रिकामा डबा. ती काडतुसं बनवणं केव्हाच बंद झालेलं. शहरातला दुकानदार तर तोंडावर हसला. "भिंतीवर टांगा, बाई. शोभून दिसेल." अगाथा हट्टाला पेटली. जुन्या बाजारांतून काडतुसांच्या हिरव्या पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जमवल्या, घासूनपुसून लख्ख केल्या. पलीकडच्या दरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचा साचा उसना आणला आणि स्वयंपाकघरात शिसं वितळवून गोळ्या ओतल्या. या वासाने दूध नासेल, असं बायका म्हणत राहिल्या. शेवटची काडतुसं भरताना गोठ्यात गाय अडली. हातातलं काम तसंच टाकून ती धावली, वासरू ओढून काढलं, हात धुतले आणि येऊन राहिलेली काडतुसं बंद केली. अशी बाई माघार घेते होय?

तिने पाचव्यांदा चाप ओढला. धाडकन आवाज झालाच नाही, नुसतं फस्स झालं. पाटी जागची हलली नाही. आता एकच उरली, आणि फेरीची वेळही संपत आलेली. दातओठ खाऊन तिने हात पुन्हा सरळ केला.

"थांब! अरे, थांबवा तिला!" वेंडेलिन घसा फाडून ओरडला.

मैदानावर कोणीही थांब म्हटलं की हत्यार खाली ठेवायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. अगाथाने ते ठेवलं. अर्धवट मोडलेली फेरी धरत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. संतापाने तिला रडू फुटत होतं.

"मिळाली ना जागा?" ती म्हणाली. "एवढाही धीर धरवला नाही, काका?"

लोकांतही कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याला हाव सुटली, असं एकजण ऐकू जाईल इतकं मोठ्याने बोलला.  वेंडेलिनने पंचाला, डोमिनिकला, नुसतं हत्याराकडे बोट दाखवलं.

डोमिनिकने रिव्हॉल्वर रिकामं केलं आणि नळीत गज घातला. गज मध्येच अडला. ठोकून ठोकून शिशाची गोळी टेबलावर पडली. त्या पुंगळीत दारूच भरलेली नव्हती. नुसत्या ठिणगीच्या जोराने गोळी नळीत जाऊन रुतली होती. मागून सहावी तिच्यावर आदळली असती, तर नळी फुटून अगाथाचा हात गेला असता. तिला गोठ्यातली ती धावपळ आठवली. 

"नळी तुंबली तर फेरी मोडत नाही," डोमिनिक म्हणाला. "एक बार बाकी."

वेंडेलिनने खिशातलं एक काडतूस काढून तिच्यापुढे ठेवलं. "हे घाल. तुझ्या काडतुसांचं काही खरं नाही."

तिने ते घातलं. श्वास रोखला. या वेळी डोंगर दणाणला आणि पाटीजवळ नेम लागल्याचा पांढरा झेंडा वर गेला. हेर्गरांची जागा राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. वेंडेलिन कमरेचा रिव्हॉल्वरचा पट्टा सोडू लागला.

"गप्प राहिला असतात तर जागा तुमची होती, काका," अगाथा कशीबशी म्हणाली.

"तुझा नेम चुकावा म्हणून उन्हाळाभर चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्यात मी," म्हातारा गुरगुरला. "हात जावा म्हणून एकही नाही."