पद्मक्कांची कळशी

चिकपेटमागच्या गल्लीत नवा रस्ता झाला, तसा इंजिनिअर विनोदकुमार कागद घेऊन वॉर्ड समितीच्या पद्मक्कांच्या दारात आला.

"काम पक्कं झालंय अक्का, जरा सही करा."

पद्मक्का आत गेल्या. चष्मा आणतील असं त्याला वाटलं, पण त्यांनी आणली भरलेली कळशी. रस्त्यावर ओतली, तर पाणी गटाराकडे जायचं सोडून दारातच तुंबलं.

"चाळीस वर्षं इथं सडा घालतेय. ढाळ नाही, तर सही नाही."

रस्ता उखडून पुन्हा केला. या खेपेला पाणी सरळ गटारात उतरलं. पद्मक्कांनी ठसठशीत सही केली, तरी विनोदकुमार घुटमळतच होता.

"उद्या पलीकडच्या वॉर्डात तपासणी आहे. कळशी देता, अक्का?"

"न्या की. पण पाणी तिथल्या बायकांना ओतू द्या."